मतदानापाशी थांबलेला क्लब

कुवेतमध्ये जून महिन्यात कानटोपी घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही, आणि हा माणूस आमच्या हॉस्पिटलच्या प्लास्टर रूमच्या दारात उभा. डोक्याला करड्या लोकरीची टोपी, अंगात कोपरावर विरलेला स्वेटर, आणि हाताशी नऊ-दहा वर्षांची एक लेबनीज मुलगी, मनगट मोडलेली. मी म्हटलं, घ्या, आता हिला बघू की आधी यालाच कुठे दाखवून आणू.

मी मूळची सांगलीची, आमच्याकडे बोलणं रोखठोक. सरळ विचारलं, "काय हो, थंडी वाजतेय का?"

"आता नाय वाजणा," ते शांतपणे म्हणाले. "पण परत जावचां आसा ना."

हे शांताराम गावडे. सालमियाच्या बाजूला एक छोटा खासगी स्केटिंग रिंक होता, तिथला बर्फ हे करायचे. शुक्रवार सुट्टीचा वार, रिंकवर पोरांची झुंबड, आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडे दोन-तीन मनगटं ठरलेली. पडलेल्याला हॉस्पिटलात न्यायचं काम खरं तर तिथल्या कोचचं. पण गावडे ते कोणाला करू देत नसत. माझ्या बर्फावर पडला म्हणजे माझा माणूस, असा त्यांचा हिशेब होता. पोराचे आईबाप येईस्तोवर ते बाकावर बसून राहायचे, टोपीसकट.

त्या पहिल्या दिवशी ते माझ्या हाताकडे बघत होते. मी पट्टी ओली केली, गुंडाळली, तळव्याने दाबून बसवली आणि थांबले.

"दुसरी लगेच नाय घालनात?"

"पहिली बसू दे की. घाई केली तर आत पोकळ राहतं."

त्यांनी मान हलवली. "बर्फाचांय तसांच आसा, सिस्टर," म्हणाले. एवढ्यावर आमची ओळख झाली आणि ती बारा वर्षं टिकली.

पुढे मी आमच्या सईला त्यांच्या रिंकवर घालायला गेले तेव्हा त्यांचं काम पाहिलं. वर्षातून एकदा जुना बर्फ वितळवून नवा करायचे. मला वाटायचं, पाणी सोडायचं आणि मशीन चालू करायचं, त्यात काय एवढं. पण तसं नसतं. खाली सिमेंटमध्ये नळ्या, नळ्यांतून गार मिठाचं पाणी फिरतं, आणि वर हे रबरी पाइप घेऊन उलटे उलटे चालत पाण्याचा फवारा मारतात, इतका पातळ की फरशी नुसती ओलसर दिसावी. तो गोठला की दुसरा, मग तिसरा. चार-पाच थर झाले की पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेघा, आणि त्यावर पुन्हा थर. तीन दिवस हे चालायचं आणि त्या तीन दिवसांत हॉलमध्ये मोठ्याने बोललेलं त्यांना खपत नसे. बोलण्याने बर्फाला काही होत नाही हे त्यांनाही माहीत होतं. "पण माका होता," म्हणायचे.

बाहेर तोझ, म्हणजे धुळीचं वादळ, आभाळ तांबूस करून टाकायचं. आत गुडघाभर धुकं, आणि त्या धुक्यात उलटा उलटा चालणारा कानटोपीवाला माणूस. मी बाकावर बसून बघत राहायचे आणि घरी जायचं विसरायचे. आपण कुठल्या देशात आहोत हे तेवढा वेळ नक्की कळत नसे.

मूळचे ते वेंगुर्ल्याच्या बाजूचे. तरुणपणी मासळीसाठी बर्फ करायच्या कारखान्यात होते. लाद्या काढायच्या, फोडायच्या, भुसा घालून टेम्पोत भरायच्या. बर्फाला ते पहिल्यापासून सरावलेले. पण त्यावर उभं राहून कोणी नाचतं हे त्यांना कुवेतला आल्यावरच कळलं. ते आले सत्तरच्या दशकात, रिंक नुकता बांधत होते तेव्हा. थंडाव्याची यंत्रं बसवायला स्वित्झर्लंडचा एक फिटर आला होता, ऊर्स नावाचा. त्याने गावडेंना सगळं शिकवलं, हातवारे करून आणि मोडक्या इंग्रजीत. आणि त्यानेच त्यांना क्लब दिला.

दिला म्हणजे पुस्तक दिलं. ऊर्सच्या गावाचा आइस हॉकीचा क्लब होता. डोंगरातलं खेडं, पण क्लब असा की सबंध देशात लोक त्याच्यावर जीव टाकायचे. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून छापलेलं ते पुस्तक, हिरव्या पुठ्ठ्याचं, वर सुरूसारखं एक झाड आणि दोन आडव्या काठ्या. आत सगळं जर्मन. गावडेंना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी मुंबईला रजेवर गेल्यावर जर्मन-इंग्रजी शब्दकोश आणला, छोटासा, खिशातला. एकेक शब्द जर्मनमधून इंग्रजीत आणायचा, न कळला तर इंग्रजीचा दुसरा शब्दकोश, आणि मग मनात मालवणीत. एक पान व्हायला महिना लागायचा. मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अहो गावडे, एवढ्यात माणूस डॉक्टर होऊन बाहेर पडतो."

"डॉक्टर होवन काय करू? बर्फ कोण करतलो?"

महिन्यातून एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे. अब्बासियात ते सहा जणांत खोली करून राहायचे. येताना बांगडे आणायचे, स्वतः साफ केलेले. आमचे हे अहमदीला तेल कंपनीत, सकाळची पाळी करून आले की जेवून आडवे व्हायचे. मग मी, सई आणि गावडे बाल्कनीचं दार लावून एसीत बसायचो आणि ते क्लबाची गोष्ट सांगायचे. त्यांचा नियम होता, एका बैठकीला एकच हिवाळा. कितीही विनवा, पुढचा हिवाळा पुढच्या वेळी.

गावाचं नाव त्यांना म्हणता येत नसे. ते "ता गाव" म्हणायचे आणि क्लबाला नुसतं "आमचो". पहिल्या हिवाळ्यात आमचो म्हणजे गोठलेल्या तळ्यावर अकरा माणसं, त्यांतले तीन सख्खे भाऊ, आणि दुधाच्या बरण्या ठेवून केलेले गोल. गोलकीपर होता गावचा पाद्री. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना लांबली की टीमला थांबावं लागायचं. एकदा समोरची टीम तळ्यावर ताटकळली आणि हे महाराज आतमध्ये पाप-पुण्य सांगत बसलेले, तर खेळाडूंनी चर्चचं दार उघडून काठ्या आपटल्या. पाद्रीबोवांनी आमेन म्हटलं आणि झग्यासकट बर्फावर आले. एकही गोल झाला नाही. "झगोच केवढो तेचो," गावडे सांगायचे, "बॉल जातलो खयसून?" ते खेळातल्या चकतीला कायम बॉल म्हणायचे. सई सुधारायची, "काका, इट्स अ पक." ते म्हणायचे, "हां बाय, तोच."

मग शाळामास्तर अध्यक्ष झाले तो हिवाळा. बायकांनी रात्रंदिवस लोकर विणून बावीस हिरव्या जर्स्या केल्या तो हिवाळा. शहरातल्या मोठ्या टीमला पहिल्यांदा हरवलं तो हिवाळा, तेव्हा हरलेल्या टीमची गाडी बर्फात अडकली आणि ज्यांनी हरवलं त्यांनीच ढकलून घाटापर्यंत पोचवली. हे सगळं गावडे असं सांगायचे की ते तिथे काठावर उभे होते. बोलता बोलता हात चोळायचे. खिडकीबाहेर पन्नास डिग्रीत समोरच्या इमारतीच्या टाक्या चमकत असायच्या आणि सई माझ्या मांडीवरची शाल ओढून घ्यायची.

एक हिवाळा मात्र त्यांना सांगवत नसे. त्या वर्षी डोंगरात थंडीच पडली नाही. तळं गोठलंच नाही. क्लबाने सगळे सामने परगावी जाऊन खेळले आणि सगळे हरले. बर्फ करणारा म्हातारा, ज्याचं पुस्तकात नाव नव्हतं, रोज पहाटे तळ्यावर जाऊन पाण्यात काठी घालून बघायचा. "ती चुकी तेची नव्हती," गावडे म्हणायचे. "पण तेका तशी वाटली आसतली. माका म्हायत आसा." त्यानंतरच्या वर्षी गावाने वर्गणी करून जमिनीखाली नळ्या टाकल्या, आणि थंडी पडो न पडो, बर्फ हातचा झाला. आणखी काही हिवाळ्यांनी आमचो देशात पहिला आला. त्या बैठकीला गावडेंनी वेंगुर्ल्याहून आणलेली काजूची वडी वाटली.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा शिरल्या तेव्हा गावडे इथेच होते. मी तेव्हा भारतात होते, मी आले ब्याण्णवला. त्या दिवसांबद्दल ते स्वतः फार बोलत नसत. एवढंच सांगायचे की जायच्या आधी त्यांनी यंत्रं आपल्या हाताने बंद केली आणि बर्फाचं पूर्ण पाणी होईपर्यंत बाकावर बसून राहिले. सोबतचे लोक खाली बस लावून ओरडत होते. "एकटो कसो टाकू तेका?" म्हणाले.

बाकीचं मला देवगडच्या एका सुताराने सांगितलं. तो बोटाला रंधा लागून आमच्याकडे आला होता. वाळवंटातून बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, आणि तिथे तंबूंची छावणी. दिवसभर धूळ, पाण्याला रांग, विमान कधी मिळणार याचा पत्ता नाही. तिथे गावडे संध्याकाळी तंबूत हिरवं पुस्तक काढायचे आणि एक हिवाळा सांगायचे. पहिल्या दिवशी पाच-सहा कोकणी ऐकायला होते, आठवड्याने तंबूत जागा पुरेना. केरळचे, आंध्रचे लोक येऊन बसायचे, कोणीतरी हिंदीत सांगायचं. "आमका जीव नकोसो झाललो, सिस्टर," सुतार म्हणाला, "पण उद्या काय झालां ता ऐकूक होयां म्हणान माणूस झोपायचो." विमानाचा नंबर लागला तेव्हा एका आंध्रवाल्याने जाता जाता गावडेंना विचारलं होतं, फिर उस गाँव का क्या हुआ? गावडेंनी सांगितलं, मालूम नहीं.

कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी आता त्या गोष्टीवर येते.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाईट होतं. आमचो घसरत गेला होता. चांगले खेळाडू शहरातल्या क्लबांनी नेले. एका वर्षी वरच्या गटातून खाली, पुढच्या वर्षी आणखी खाली. गावात दोन तट पडले. काही म्हणाले, कशाला हा खेळ, रिंक मोडा आणि त्या जागी गाड्या लावायला मोकळं मैदान करा, टुरिस्ट येतील. ठरलं की एका रविवारी गावाने जमून हात वर करून काय तो निर्णय घ्यायचा. पुस्तक त्या रविवारच्या थोडं आधी छापलेलं होतं. शेवटचं वाक्य होतं, रविवारी गाव काय ते ठरवील. पुढे कोरं पान.

ऊर्स कुवेतहून घाईघाईने गेला तो या हात वर करण्यासाठीच. गावडेंच्या हातात पुस्तक ठेवलं आणि म्हणाला, काय झालं ते पत्राने कळवतो. पत्र आलं नाही. एक वर्ष गेलं, पाच गेली, पंधरा गेली.

"जिंकले आसते तर लिवल्यान आसतां," गावडे म्हणायचे. "हरलेलां कोण कोणाक कळवता?"

पण हे बोलून ते लगेच मान झटकायचे. एकदा मी जास्त खोदलं तेव्हा म्हणाले, लग्नाच्या वर्षी रजेवर वेंगुर्ल्याला गेले, आणि सहज आपल्या जुन्या बर्फाच्या कारखान्यावर चक्कर टाकली, तर दाराला कुलूप, कुलपाला गंज. घरचं कोणी पत्रात लिहिलं नव्हतं. घरच्यांना वाटलं, त्यात काय लिहायचं. "माका परत तसां कुलूप बघूचां नाय, सिस्टर. थय अजून शनिवार आसा. शनिवारच ऱ्हवांदे."

मी त्यांना भात वाढला.

एक्क्याण्णवनंतर परत येऊन त्यांनी रिंक पुन्हा उभा केला होता. यंत्रं गेलेली, नळ्या फुटलेल्या. अम्गराच्या भंगारात हिंडून त्यांनी व्हॉल्व्ह न् पंप शोधून आणले. मुदीर, म्हणजे तिथला मॅनेजर, इजिप्तचा होता. तो म्हणायचा, हा माणूस पगार विसरेल पण गळका व्हॉल्व्ह विसरणार नाही. मी त्यांना विचारलं, "कशासाठी एवढं? दुसरं काम मिळालं असतं." तर म्हणाले, "थय तेंणी सोडलां आसात तर हय तरी होवक होयां ना." त्यांनी कुठे तरी मनात सौदा केला होता की आपण इथला बर्फ राखला तर तिथला टिकेल. मला तो वेडेपणा वाटायचा, आणि वाटून झालं की स्वतःचाच राग यायचा.

मग घरात इंटरनेट आलं. सई चौदा वर्षांची, मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत. एका रविवारी गावडे शेवटचं प्रकरण दुसऱ्यांदा सांगून थांबले आणि ती म्हणाली, "काका, आय कॅन फाइंड आउट. इट्स लाइक टेन सेकंड्स."

गावडेंना आधी कळलं नाही. मी समजावून सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये नाव घातलं की क्लब आहे की नाही ते कळतं. ते उठले, चपला शोधायला लागले, आणि चपला पायातच होत्या.

"नको गो बाय," म्हणाले. "माझ्यासाठी नको."

"बट व्हॉट इफ दे वन?"

"आणि नाय तर?"

ते गेल्यावर सई माझ्यावर उखडली. म्हणे, धिस इज स्टुपिड, तो माणूस वीस वर्षं घाबरून बसलाय. मी तिला दम दिला, त्या क्लबाचं नाव तू त्या मशीनमध्ये घातलंस तर बघ. तिने नाही घातलं. आमची सई तोंडाने कितीही बोलली तरी शब्दाची पक्की आहे. खरं सांगायचं तर मलाच दोन-तीनदा मोह झाला. एकदा तर खुर्चीत जाऊन बसले होते. मग त्यांची चपला शोधणारी नजर आठवली आणि उठले.

दोन हजार चारच्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवार. मी प्लास्टर रूममध्ये, आणि स्ट्रेचरवर चाळिशीला टेकलेला एक गोरा माणूस, मनगट पार वाकडं झालेलं, सोबत त्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा रडकुंडीला आलेला. रिंकवरून आलेली केस. बाही घट्ट, हात सुजलेला. मी कात्री घेतली तेव्हा तो इंग्रजीत म्हणाला, कृपा करून हे कापू नका, ओढून काढा. मी म्हटलं, ओढलं तर हाड आणखी सरकेल, कापड काय पुन्हा मिळतं. आणि कात्री लावायला हात खाली नेला तर हिरव्या बाहीवर सुरूचं झाड आणि दोन आडव्या काठ्या.

मी दाराकडे बघितलं. गावडे दारात उभे होते आणि त्यांची टोपी त्यांच्या हातात होती. इतक्या वर्षांत मी त्यांचे केस पहिल्यांदा पाहिले. पूर्ण पांढरे.

ते त्याच्यासोबत रिंकपासून आले होते. गाडीत बाजूला बसून आले होते आणि एक शब्द बोलले नव्हते. त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं, पण ते माझ्याकडे बघून मालवणीतच म्हणाले, "सिस्टर, तेका वायच विचारा, बर्फ कसो होतो?"

मी म्हटलं, "काय?"

"बर्फ. तो माझ्या बर्फार पडलो. गर्दी होती, दुपारचो थर मी घाईत मारललंय. तेका विचारा."

मी विचारलं. त्या माणसाचं नाव मार्टिन. दुखत असताना तो हसला. म्हणाला, बर्फ फार छान होता, कडक आणि वेगवान, अगदी आमच्या गावच्यासारखा, म्हणूनच तर मी वाहवत गेलो आणि पोरासमोर चाळिसाव्या वर्षी उलटी उडी मारायला गेलो. बर्फाचा काडीचा दोष नाही.

गावडेंनी ते ऐकलं, पण ते तिथून हलले नाहीत. ओठ हलत होते. मग त्यांनी स्वतःच, जर्मनमध्ये, एकच शब्द उच्चारला. "सोनटाग?" आणि एक हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा, उघडा तळवा दाखवून.

सोनटाग म्हणजे रविवार. मार्टिनला आधी वाटलं, हा माणूस कधी तरी रविवारी भेटू म्हणतोय. मग त्याने तो वर केलेला हात पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. "तुम्हाला कोणी सांगितलं त्या रविवारचं?" त्याने विचारलं.

मी बाही कापली, पट्टी ओली केली, आणि तो सांगत गेला. तो तेव्हा नऊ वर्षांचा. शाळेच्या व्यायामशाळेत सगळं गाव जमलेलं, मुलं खिडक्यांना लोंबकळून बघत होती. हात मोजले. क्लबाच्या बाजूचे थोडक्यात हरले. रिंक मोडायचं ठरलं, लोक उठायला लागले. तेवढ्यात एक माणूस खुर्चीवर चढला, उन्हाने भाजून तांबडा झालेला, आदल्या दिवशीच अरबस्तानातून आलेला. तो ओरडला, पुन्हा मोजा, मागच्या दारात उभे आहेत ते धरले नाहीत. पुन्हा मोजले. आणि जिंकले.

"ऊर्स," गावडे म्हणाले.

हो, ऊर्सच तो, मार्टिन म्हणाला. आता नाही तो, जाऊन काही वर्षं झाली. पुढे क्लबाचा बर्फ तोच करायचा.

गावडे स्टुलावर बसले. मी पहिला थर बसवून थांबले होते, खरं तर दुसरा घालायची वेळ झाली होती, पण माझेच हात थांबले. गावडेंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मला इतका आनंद झाला होता आणि तेवढाच राग आला होता त्या मेलेल्या माणसाचा. मी म्हटलं, "जिंकला होता ना तो? मग एक पत्र टाकायला काय झालं होतं त्याला?"

गावडेंनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "मी तरी तेका माझो पत्तो खय दिललो?"

कंपनीच्या खोलीत राहणारा माणूस, त्याला कसला पत्ता, आणि नव्या रिंकला तेव्हा पोस्टाची पेटीसुद्धा नव्हती. पुस्तक हातात घेतलं, हात मिळवला, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अठ्ठावीस वर्षं हा माणूस त्या पत्राची वाट बघत होता आणि भीतीने वाळत होता. मी हसावं की रडावं ते मला कळेना. गावडेच हसले. मग मार्टिनला मी सांगितलं तेव्हा तोही हसला आणि त्याचा हात हलला म्हणून मी त्याला रागावले.

मार्टिनला उत्साह आला. तो म्हणाला, आणि त्यानंतर तर काय काय झालं माहीत आहे, त्यानंतर... गावडेंनी हात वर करून त्याला थांबवलं. "नो, नो. वन डे, वन विंटर," म्हणाले.

तो माणूस पाण्याच्या एका प्लांटवर काही महिन्यांसाठी आला होता, महिन्यातून एकदा शहरात यायचा. आला की मुलाला रिंकवर सोडून गावडेंशेजारी बाकावर बसायचा. एक हिवाळा तो सांगायचा, मतदानानंतरचा. एक गावडे सांगायचे, आधीचा. कारण मार्टिनला मागचं काहीच ठाऊक नव्हतं. झग्यातल्या पाद्रीची गोष्ट त्याने कुवेतमध्ये, वेंगुर्ल्याच्या माणसाकडून पहिल्यांदा ऐकली. न गोठलेल्या तळ्याच्या दिवशी मी तिथे होते. ती गोष्ट संपली तेव्हा गावडेंनी त्या गोऱ्या माणसाला आपला चहा दिला. समोर पोरं गोल गोल फिरत होती, त्यांच्या खाली धुकं होतं, आणि बाकावरचे हे दोघे मला कधी इथले वाटायचे, कधी तिथले.

सईने मात्र प्लास्टरच्याच संध्याकाळी सगळं शोधून काढलं. आता माझी बंदी उठली होती. आज तो क्लब काय आहे, किती लोक बघायला येतात, देशाच्या टीमला किती खेळाडू देतो, मध्ये एकदा पुन्हा कसा बुडता बुडता वाचला, हे मला त्याच दिवशी कळलं. मी गावडेंना त्यातलं काही सांगितलं नाही. फार जड गेलं.

दोन हजार पाचला गावडे साठीचे झाले आणि कंपनीने त्यांचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपवला. मार्टिन त्याच्या आधीच परत गेला होता. ते निघाले त्या सकाळी मी ड्युटीवर जाता जाता अब्बासियात उतरले. इमारतीखाली व्हॅन उभी, वर दोऱ्यांनी बांधलेल्या बॅगा. खोलीतले सगळे सोडायला खाली आलेले. गावडे नवा पांढरा शर्ट घालून उभे होते, कडेला, सावलीत.

मी विचारलं, "काय गावडे, कुठवर आला क्लब?"

"छप्पर घालतत, सिस्टर." त्यांनी वर बघितलं. "अर्धां झालां. उत्तरेच्या बाजूचे पत्रे अजून येवक नाय."

"आणि आता पुढचं कोण सांगणार?"

"मार्टिन लिवतलो. ह्या टायमाक पत्तो दिलंय, मोठ्या अक्षरात. तेका सांगितलंय, वर्षाक एकच पत्र धाड. हिवाळो वर्षात एकदाच येता ना."

मी मनातल्या मनात मोजलं. छपरापासून आजच्या क्लबापर्यंत वीस-बावीस हिवाळे. वर्षाला एक, म्हणजे गावडे ऐंशीच्या पुढे जातील, आणि तोवर क्लब आणखी बावीस वर्षं पुढे गेलेला असेल. ते त्याला कधीच गाठणार नव्हते. मी तोंड उघडलं होतं, सगळं जिभेवर होतं, कोण जिंकलं, कधी जिंकलं. ते माझ्याकडे बघत होते, निवांत, कुठलीही भीती नसलेला माणूस बघतो तसे.

मी म्हटलं, "बर्फ पडायच्या आत पत्रे बसवून घ्या म्हणावं."

"बसवतले," गावडे म्हणाले, आणि व्हॅनमध्ये चढले.